गणपतीपुढे वाजवलेला संगणक

फुकटच्या सॉफ्टवेअरवर सिंथेसायझर वाजवायला मी स्वतःच शिकलो होतो. टायपिंगच्या कीबोर्डवरच सूर काढायचो. अंबडला आमच्या कॉलनीच्या गणपतीत अध्यक्षांशी घासाघीस करून अर्धा तास मिळवला आणि घरचा संगणक स्टेजवर मांडला.

वाजवायला लागलो तोच समोरून कुणीतरी ओरडलं, "सीडी लावून बोटं कशाला नाचवतो रे?"

माझं डोकं फिरलं. मीच वाजवतोय हे कळावं म्हणून मुद्दाम एकच चुकीचा सूर पुन्हापुन्हा दाबला.

"अडकली, सीडी अडकली!"

मी दोन्ही हात वर केले. आवाज थांबला. अध्यक्षांनी माईक घेतला. "लाईट गेली वाटतं, बघा रे जरा."

मांडवातल्या ट्यूबा लख्ख चालू होत्या. मी वायरी उपटल्या आणि घरी आलो. परत वाजवशील का म्हणून आजतागायत कुणी विचारलेलं नाही.