नावाडी परत येतो, असं मी सांगितलं

जादूच्या राज्यांचे आणि लढायांचे व्हिडिओ गेम कोणते खेळावेत आणि कोणत्यांना हातही लावू नये, हे सांगण्यात मानकोली नाक्यापासून राहनाळच्या शेवटच्या गोदामापर्यंत माझा हात धरणारा कोणी नव्हता. आमच्या गोदामातल्या ब्रेकमध्ये मी चहाचा ग्लास उचलला की पॅकिंगवाले, स्कॅनिंगवाले, फोर्कलिफ्टवाला, सगळे गोळा व्हायचे. एकदा मी एका ड्रॅगनची लढाई सांगत होतो, तर बाहेर अठरा चाकांचा कंटेनर इंजिन बंद करून ऐकत उभा राहिला. खोटं वाटत असेल तर कंटेनरला विचारा. "तलवारबाजी झकास, पण गोष्टीला बूड नाही." "सैन्य चांगलं, राजा मंद." एका घोटात एक निकाल. उत्तर प्रदेशातून आलेला आमचा एक लोडर तेवढा एकदा म्हणाला, "भाई, इतने सारे गेम तू खतम कब करता है? ड्युटी तो बारा घंटे की है." सगळे हसले. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो.

कारण मी आयुष्यात एकही गेम शेवटपर्यंत खेळलो नव्हतो. सुरुवातीचा तुकडा खेळायचो, दोनतीनदा मरायचो, सोडून द्यायचो आणि पुढची गोष्ट माझी मी रचायचो. ती मूळ गेमपेक्षा बरी असायची, असं मला तेव्हा वाटे. आता तेवढं वाटत नाही.

मग वहिनीची स्कूटर खड्ड्यात गेली. खड्डा असा की आत पडलेली स्कूटर बघायला आम्हाला वाकावं लागलं. वहिनीचा पाय मोडला, दोन महिने प्लास्टर. या बाईला लग्नापासून कोणी बसलेलं बघितलं नव्हतं. भाऊ सकाळीच आमच्या जागेवर भाड्याने दिलेल्या गोदामाकडे निघून जायचा, आई स्वयंपाकघरात, आणि वहिनी दिवसभर छताकडे बघत पडलेली. मी माझा कॉम्प्युटर उचलून तिच्या खोलीत नेला.

"वहिनी, मालिका बघून डोकं फिरेल. हे खेळा."

"मला काय तलवारी चालवाया लावताय, भावोजी? विळ्याबिगर काय हातात धरलं न्हाय मी."

पहिला दिला तो राज्य चालवायचा. शेतं लावा, कोठारं बांधा, सैन्य उभारा, शेजाऱ्यांना हरवा. माझी राजधानी त्यात तीनदा जळाली होती. आठ दिवसांनी विचारलं, "कसा आहे?"

"राजा येडा हाय," वहिनी म्हणाली. "दोनशे भालेवाले उभे केलेत, त्यांना जेवाया कोण घालतंय? भात नदीकाठी आणि कोठार डोंगरावर! बैल मरतील ना चढून चढून. मी पयलं कोठार खाली आणलं."

"आणि लढाई?"

"लढाई कशाला? शेजारच्या राजाचा भात संपला, तो आपला आपण आला दारात."

मग अर्धा तास ती त्या गेमच्या चुका सांगत होती. मीठ कुठून येतं ते दाखवलेलं नाही, पावसात आणि उन्हात पीक सारखंच, बायका फक्त पाणी भरताना दिसतात. मी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या ब्रेकला तेच सगळं माझं म्हणून सांगितलं. फोर्कलिफ्टवाल्याने टाळ्या वाजवल्या.

पुढचा दिला तो बर्फाच्या देशातला. आपण एक मुलगी व्हायचं, सोबत एक जादूगार, एक तिरंदाज आणि एक म्हातारा नावाडी घेऊन लांब प्रवासाला जायचं. सगळं बोलणं इंग्रजीत. वहिनी अकलोलीच्या माहेरी बारावीपर्यंत शिकलेली. हळू वाचायची, पण एक ओळ सोडायची नाही, अडलं की मोबाईलवर अर्थ बघायची. प्रत्येक मुक्कामाला शेकोटी पेटली की तो नावाडी मुलीला विचारतो, जेवलीस का.

"कुणीतरी इचारतं बघा," वहिनी हसत म्हणाली. मीही हसलो. तेव्हा मला त्यात हसण्यासारखंच दिसलं.

एका संध्याकाळी ड्युटीवरून आलो तर तिने गेम बंद केलेला. डोळे लाल.

"मेला तो."

"कोण?"

"नावाडी. बर्फाच्या पुलावर. माझं काय चुकलं, भावोजी?"

तुमचं काही चुकलं नाही, एवढं म्हणायचं होतं. किंवा म्हणायचं होतं की मला ठाऊक नाही, मी त्या पुलापर्यंत कधी पोचलोच नाही. पण माझं तोंड माझ्या आधी धावतं.

"हात्तिच्या! तो परत येतो की. मी आणलाय त्याला."

"कसा?"

झालं. गाडी सुटली. पहिल्यापासून सुरू करायचं. त्याचं वल्हं विकायचं नाही. वाटेतल्या प्रत्येक आंधळ्या म्हातारीला भाकरी द्यायची. खिंडीत एकाही लांडग्याला मारायचं नाही. आणि शेवटी सगळी हत्यारं टाकून पहिल्या नदीच्या काठावर जाऊन थांबायचं. वहिनीने वही मागवली आणि सगळं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवर शोधलं. स्वच्छ लिहिलं होतं: नावाडी मरतो, काहीही करा, मरतो. मी मोबाईल खिशात टाकला. घरी आलो तेव्हा तिने पहिल्यापासून सुरुवात केली होती. "अजून काय ऱ्हायलंय का?" तिने विचारलं आणि मी आणखी एक अट सांगितली. स्वतःच्याच थापेत मला मजा येऊ लागली होती, हे लिहायला आज जड जातं.

तीन आठवडे ती खेळली. लांडगे मारायचे नाहीत म्हणून सगळा डोंगर बाहेरून वळसा घालून पार केला. बारा वेळा मेली, तेराव्यांदा डोंगरापलीकडे पोचली. जगात हे दुसऱ्या कोणी केलं असेल असं मला वाटत नाही, आणि ही माझी थाप नाही.

"उद्या काठावर पोचते," ती म्हणाली. "बाजूला बसाल ना?"

"बसणार म्हणजे! हे काय विचारणं झालं?"

सकाळी उठून मी सुपरवायझरच्या पाया पडलो आणि जास्तीची शिफ्ट मागून घेतली. त्या गोदामाच्या इतिहासात असं कोणी मागितलं नव्हतं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

संध्याकाळी आलो. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला. वहिनी पाय स्टुलावर ठेवून वाल सोलत होती.

"आला का?" मी विचारलं. विचारायला लाज वाटली नाही.

"दुपारभर थांबले. नुसती नदी व्हाते." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "भावोजी, तुम्ही हा पुरा खेळलाय ना?"

खरं सांगायची अशी जागा माणसाला पुन्हा मिळत नाही. मी म्हणालो, "खेळलोय की! हा जुन्या आवृत्तीतला असेल. नव्यात येतो तो."

"असंल," ती म्हणाली आणि पुढचा वाल उचलला.

आठ दिवसांनी प्लास्टर निघालं. तिने भावाला सांगून कॉम्प्युटर माझ्या खोलीत पोचवला. त्यानंतर तिने मला कोणताही गेम विचारला नाही, कशाला नावंही ठेवली नाहीत. गोदामात माझं बोलणंही आटलं. माझी सगळी चांगली मतं तिचीच होती ना.

मग मी तो गेम खेळलो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आयुष्यात पहिल्यांदा. नावाडी पुलावर गेला. त्यानंतरच्या मुक्कामांना शेकोटी पेटते, सगळे गोल बसतात, आणि कोणी काही विचारत नाही. बनवणाऱ्यांनी ती जागा तशीच रिकामी ठेवली आहे. त्या गेममध्ये याहून चांगलं दुसरं काही नाही. वहिनी त्या शेकोटीपर्यंत पोचलीच नाही, कारण मी तिला मागे फिरवलं होतं. तिच्या वाट्याचं दुःख काढून घेऊन मी तिला कामाला लावलं.

त्या रविवारी मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी भाकऱ्या थापत होती.

"वहिनी, तो परत येत नाही. मी थाप मारली होती."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"काठावर बसले तवाच कळलं. वाटलं, तुम्ही सांगाल. आठ दिस थांबले तुमच्यासाठी. मग पलास्टर निघालं, कामाला लागले."

एरवी कंटेनर थांबवणारा मी, ओट्याकडे बघू लागलो. ओट्यावर तिचा मोबाईल उभा करून ठेवलेला. त्यावर कुठलंसं राज्य पसरलेलं, नदीकाठी हिरवी शेतं, एक छोटं गलबत निघालेलं.

"कोणता गेम आहे?" मी विचारलं.

"हाय एक."

"कसा आहे?"

पूर्वी यावर अर्धा तास गेला असता. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"बरा हाय," म्हणाली.