कूलरच्या मापाचा पडदा

मनीषनगरातल्या त्या घरात दुरुस्ती म्हणजे ताराबाई. डुगडुगत्या पलंगाखाली पुठ्ठा त्यांनीच सारायचा, कपाटाच्या ढिल्या स्क्रूच्या भोकात आगपेटीची काडी त्यांनीच ठोकायची. मे महिन्यात त्यांनी जुन्या साडीचा पडदाही शिवला. जुलैत नवऱ्यानं, कृष्णकांतरावांनी, खिडकीतला कूलर काढला आणि पडदा अर्ध्यातच लोंबकळला. थकल्या डोळ्यांनी ताराबाईंनी माप कूलरच्या वरच्या भागाचंच घेतलं होतं. आता समोरच्या गॅलरीतून सगळं घर दिसत होतं.

"काहून बसून राहिली वं? जोड ना खाली पट्टी."

ताराबाईंनी सुईदोऱ्याचा डबा नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"चाळीस वर्षं मीच जोडून राहिली. आता तुम्ही जोडा, नाहीतर मार्चपर्यंत उभे राहा कूलरच्या जागी."