दार उघडणारा माणूस

बाजाराच्या कोपऱ्यावर, दोन दुकानांच्या फटीत किल्लीवाल्यांची टपरी होती. तीस वर्षं कानस चालवून त्यांची बोटं काळवंडली होती. कुठलंही कुलूप नुसतं कानाशी धरून ते त्याचं दुखणं सांगत. गावाचा त्यांच्यावर डोळे झाकून भरवसा होता, आणि तो भरवसा त्यांनी एकदाच मोडला होता.

एका दुपारी हवालदार दोन शिपायांसह झडतीसाठी त्यांना एका शिक्षिकेच्या घरी घेऊन गेला. दाराला कुलूप होतं. "उघडा," तो म्हणाला.

"कोर्टाचा कागद आहे का?"

"कागद लागतो असं कुठे लिहिलंय?"

किल्लीवाल्यांनी हत्यारांची पिशवी उघडली. त्यांनी कुलूप काढलं. आत शिक्षिकेची म्हातारी आई केस मोकळे सोडून बसली होती. तिच्या मनाचा तोल गेलेला, वाट चुकायची, म्हणून लेक बाहेरून कुलूप लावून शाळेत जायची. शिपायांनी कपाट उपसलं, पत्रं चाळली, काहीच सापडलं नाही. म्हातारी एकट्या किल्लीवाल्यांकडे बघून म्हणाली, "तुम्ही कुणाकडचे?" त्यांनी मान खाली घातली. ती गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही.

सहा वर्षांनी देशभर वाद पेटला. नागरिकांच्या हक्कांची सनद लिहून काढावी की नको? लोकांचं म्हणणं ऐकायला आयोग गावात आला. बायकोने त्यांना इस्त्रीचा सदरा घालायला लावला. "नुसतं ऐकून या," असंही बजावलं.

सभागृहात एक नामवंत वकील तासभर बोलले. आपले कायदे पुरेसे आहेत, चांगल्या रीती कागदावर उतरवायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. टाळ्या पडल्या. त्या ओसरायच्या आत किल्लीवाले उठले. त्या दुपारची गोष्ट त्यांनी नाव न घेता, आडपडदा न ठेवता सांगितली.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "लिहिलेलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असतात?"

"खरं सांगू? ठाऊक नाही. मी काही शूर माणूस नाही, बाई. पण 'कुठे लिहिलंय' म्हटल्यावर बोट ठेवायला जागा असती. भित्र्या माणसालाही तेवढा आधार पुरतो."

मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. "ते दार माझं होतं," शिक्षिका म्हणाल्या. "आई जाईपर्यंत सांगायची, त्या सगळ्यांत कुलूप काढणाऱ्या एकट्यालाच लाज वाटत होती."

किल्लीवाल्यांनी हात जोडले. वकीलसाहेब आपले कागद आवरू लागले.

मतदान झालं आणि सनद थोडक्या मतांनी का होईना, मंजूर झाली. अकरावं कलम होतं, न्यायालयाच्या लेखी हुकमाशिवाय कुणाच्याही निवासस्थानात शिरता येणार नाही. बायकोने सनदेचं छापील पुस्तक घरोघर दाखवलं. "हे आमच्या ह्यांचं कलम," ती ताठ मानेने सांगायची.

"अगं, मी काही लिहिलं नाही ते," किल्लीवाले म्हणायचे.

"मग कुणी लिहिलं? त्या वकिलाने?"

यावर ते गालातल्या गालात हसत, चष्मा लावून तेच पान पुन्हा वाचत. तक्रार एकच होती. "निवासस्थान कशाला? सरळ 'दार' म्हणायला काय झालं होतं यांना?"