कावळ्याला दिलेली चंची

खुनाची गोष्ट वाचून तुम्ही कधी पोट धरून हसलाय? हसलाच असाल. आम्रपालीही हसायची. सांगलीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती शिपाई. पुस्तकं झटकता झटकता तिला एका जातीच्या पुस्तकांचा नाद लागला. विद्यापीठातल्या गमतीदार खुनांच्या गोष्टी. कुणी खडूस प्राध्यापक मरतो, पोलीस डोकं खाजवत बसतात आणि वनस्पतिशास्त्राची एखादी विसराळू बाई चहा पिता पिता खुनी हुडकून काढते. शेवटी सगळ्यांना सभागृहात बसवून बोट दाखवते. खुनी गुमान कबूल करतो. मेलेल्याच्या घरची चूल काही विझलेली दिसत नाही. म्हणून तर मजा.

दुपारची जेवणं उरकली की ती हॉस्टेलच्या मेसमध्ये जायची आणि हरणाबाईला गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवायची. हरणाबाई जतकडची धनगरीण, मेसची स्वयंपाकीण. लसूण सोलत ऐकायची आणि मध्येच निकाल द्यायची.

"प्राचार्यानंच मारलं."

"आक्का, मेलंय कोण ते तरी ऐक की!"

"कोण का मरंना. जेवणाला नावं ठेवतुया न्हवं? मग त्योच."

निकाल चुकला की लिहिणाऱ्यालाच शिवी. मग कमरेची चंची काढून तंबाखूला चुना लावायची. ती कापडी चंची झोपेतही तिच्या कमरेला असायची. पाण्यात हात घालायचं, उतरायचं काम निघालं, तरच काढून कोरड्यात ठेवायची. "जीव गेला तर जाऊ दे, तंबाखू भिजाय नगं," म्हणायची.

एका दुपारी तिचा जीवच गेला. मेसमागच्या जमिनीतल्या पाण्याच्या टाकीत सापडली. मॅनेजर म्हणाला, "चक्कर आली, पडली. तिकडं तिचं कामच नव्हतं."

चक्कर! गरिबाची बाई मेली की या लोकांना हा एकच रोग सापडतो. टाकीतल्या मोटरीची वायर उघडी पडलीय, ही बोंब मेसमधल्या बाया कधीच्या मारत होत्या. संध्याकाळी तिथं कोरी करकरीत वायर दिसली. आणि मेसच्या खिडकीत, ताटांच्या चळतीशेजारी, हरणाबाईची चंची. कोरडी ठणठणीत.

आम्रपालीनं ती उचलून पाहिली. चक्कर येणारी बाई आधी चंची काढून ठेवते होय? म्हणजे हरणाबाईला टाकीतला गाळ काढायला खाली उतरवलं होतं. आम्रपालीनं पुस्तकातल्यासारखी ती चंची प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि चौकी गाठली. पण चंची बरोबर नेली नाही. आधी माणूस जोखायचा, मग जिन्नस दाखवायचा, एवढं जगानं तिला शिकवलं होतं.

हवालदार आधी हसला. "तंबाखूचा पुरावा व्हय?" मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "परवा घेऊन या. जबाबाला जोडतो."

परवा म्हणजे हरणाबाईचा तिसरा दिवस. माती सावडून झाल्यावर तशीच चौकीवर जायचं, म्हणून आम्रपाली पर्समध्ये चंची घेऊनच कृष्णेच्या घाटावर आली. निवद मांडला होता. पुरी, भात, लसणाची चटणी, चहाची कपबशी. कावळे झाडावर बसून होते, खाली उतरत नव्हते. ऊन चढलं. पोरांची काळजी करू नको, म्हणून कुणी हात जोडले. तरी नाही.

हरणाबाईचा नवरा अर्जुना रडवेला झाला. "तिची चंची कुठं हाय? चंचीबिगर ती हालायची न्हाई."

आम्रपालीच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून तिच्या घरात कावळा म्हणजे नुसता कावळा. तिनं पर्स पोटाशी धरली.

"पोरी, तुला तर ठावं आसंल," अर्जुना तिच्यासमोर येऊन म्हणाला. "ती आडकून पडलीया गं."

"आवं दाजी, मला ती चौकीवर द्यायचीय. आक्काला त्यांनीच..."

"ते मागनं बघू. आदी तिला जाऊ दे."

ज्यानं बायकोला खांद्यावरून नेलं, त्या म्हाताऱ्याला पुरावा म्हणजे काय ते कसं समजावणार? पुस्तकातल्या बाईला असला प्रश्न कधीच पडला नव्हता. आम्रपालीनं पर्स उघडली.

चंची भाताशेजारी ठेवली. थोड्या वेळानं एक कावळा उतरला, पुरीला चोच मारून गेला. सगळे एकदम ओरडले, "शिवला, शिवला!" अर्जुनानं निवदासकट चंची उचलली आणि रक्षेबरोबर कृष्णेत सोडली. आम्रपालीचा हात पुढं गेला होता. तो तिनंच मागं घेतला.

हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. "मग आता कावळ्याला साक्षीला बोलवू का?"

फाईल चकरेवर मिटली. मेसमध्ये नवीन बाई आली. आम्रपाली अजूनही ती पुस्तकं झटकते, उघडत मात्र नाही. कॉलेजात सभागृह मोठं आहे, पण तिथं बोट दाखवायला तिच्या हातात काही उरलेलं नाही.

उरली आहे फक्त एक हाक. हरणाबाई टाकीकडं निघाली तेव्हा जेवणाच्या रांगेतल्या कुणा पोरीनं मागून ओरडून सांगितलं होतं, "मावशी, तुमची चंची राहिली!" भांडी घासणाऱ्या बाईनं आवाज ऐकला, तोंड पाहिलं नाही. चंची खिडकीत ठेवून हरणाबाई टाकीकडं गेली, हे पाहिलेली ती एकच पोर, आणि ती आता गप्प आहे. हॉस्टेलची खोली, परीक्षा, घरच्यांची भीती, गप्प बसायला कारणं काय कमी असतात?

तुमची पोरगी त्या हॉस्टेलात असेल, तर तिला आज हे वाचून दाखवा. हाक तिची असेल तर तिचा हात धरा आणि तिला आम्रपालीकडं घेऊन या.