मखमली अंगरखा आणि बँकेचा जिना

मी नाटकातला राजा होतो. एरवी धारवाडच्या शाळेत इतिहास शिकवणारा पंचेचाळीस रुपयांचा मास्तर. पण पडदा वर गेला की माझ्यासारखा राजा चार तालुक्यांत नाही, असं मला तरी वाटायचं. अडचण एवढीच की अंगरखा भाड्याचा. तो हुबळीहून यायचा, त्याला आधीच्या राजांच्या घामाचा वास असायचा, आणि काखेत उसवलेला असल्यामुळे मला हात उंचावून हुकूम सोडता येत नसे. सगळं राज्य कोपर अंगाशी धरून चालवावं लागे.

त्या वर्षी मला दानशूर राजाचं काम मिळालं. सर्वस्व देऊन टाकणारा राजा कोपर आवळून कसा चालेल? आमच्या गावात सभासदांनी काढलेली एक लहान बँक होती. तिथे तीन महिन्यांच्या मुदतीची उचल मिळे. अर्ज लिहायचा, एका सभासदाची जामीन म्हणून सही आणायची, आणि दुपारच्या चहाच्या आत पैसे हातात. ना सोनं गहाण, ना सावकाराच्या पायरीवर ताटकळणं. इतकी सोपी सोय की गरज नसली तरी ती उत्पन्न व्हावी.

जामीन राहिले आमच्या शाळेचे चित्रकलेचे मास्तर. घरी कानडी, माझ्याशी मराठी, आणि रागावले की दोन्ही नाही, नुसते गप्प. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी त्यांना अण्णा म्हणायचो. नाटकाचे पडदे तेच फुकट रंगवायचे. कशासाठी उचल, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. पितळी तांब्याचं चित्र काढत बसलेल्या वर्गासमोर टेबलावर कागद ठेवून त्यांनी वळणदार सही केली आणि पुन्हा मुलांकडे वळले.

पंच्याहत्तर रुपये आले. जांभळी मखमल, जरीची किनार, काखेत ऐसपैस. त्या अंगरख्यात मी दोन्ही हात आभाळाकडे नेऊन राज्य दान केलं तेव्हा पहिल्या रांगेत अण्णा टाळ्या वाजवत होते.

तीन महिने संपले. बँकेत नवंजुनं करायची रीत होती. कुणाकडून तरी एका दिवसापुरते पैसे आणायचे, सकाळी जुनी उचल फेडायची, व्याज द्यायचं, नवा कागद करायचा, दुपारी तीच रक्कम पुन्हा घ्यायची आणि ज्याची त्याला परत. मी ते तीनदा केलं. तीनदा अण्णांची सही घेतली. दर वेळी वाटायचं, आपण केवढे चतुर! एक पैसा मुद्दल न फेडता वर्षभर मखमल अंगावर. चौथ्या वेळी मात्र एका दिवसापुरतेही पैसे कुणी देईना. मग मी काय केलं? काही नाही. बँकेच्या चिठ्ठ्या इतिहासाच्या पुस्तकात घालत गेलो, आणि बँकेचा शिपाई दिसला की मागच्या बोळाने घरी.

शेवटी एका दुपारी मुदत मागायला मी बँकेत गेलो. कचेरी माडीवर. पादत्राणं जिन्याखाली काढायची पद्धत होती. भाषण पाठ करत मी घाईने चप्पल भिरकावली आणि वर चढलो. आत जाणार तोच जिन्यावर ओळखीचं खोकणं ऐकू आलं. मी बाहेरच्या सज्जात दाराआड सरकलो. नाटकात अशी जागा मी कधी सोडली नव्हती.

अण्णा आत गेले. अक्कांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, पोटाचं ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं होतं. चाळीस रुपयांची उचल हवी होती. चिटणीसांनी वही उघडली. ते वाईट माणूस नव्हते, आवाज खाली आणूनच बोलले. पण चार माणसं बाकावर होती आणि दाराआड मी होतो.

"मास्तर, तुम्ही ज्याला जामीन आहात त्याची बाकी थकली आहे. ती फिटेपर्यंत जामीनदाराला उचल देता येत नाही. नियम आहे. त्याला एकदा घेऊन या ना इकडे."

अण्णांनी उघडी वही स्वतःकडे वळवून पाहिली. मग म्हणाले, "तो देईल. सही माझीच आहे."

बाहेर पडायला मला दोन पावलं पुरली असती. माझ्याजवळ त्या वेळी पैसे नव्हते, पण तोंड होतं. बाकावरच्या चार माणसांसमोर ते दाखवता आलं असतं. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. अण्णा जिना उतरले. खाली ते थोडे थांबले असं वाटलं, मग पावलं गेली.

बऱ्याच वेळाने मी उतरलो. मी चपला कशा काढल्या होत्या ते मला आठवत होतं: एक उन्हात, एक पालथी. पालथ्या चपलेने भांडण होतं असं आमच्याकडे मानतात. आता दोन्ही चपला भिंतीलगत, सावलीत, शेजारी शेजारी सरळ ठेवल्या होत्या.

पुढच्या सोमवारी अण्णा शाळेत चालत आले. ते माळमड्डीहून रोज सायकलवर येत. सायकल कुठे, असं मुलांनी विचारलं तर म्हणाले, चालणं बरं असतं. अक्का मिरजेहून तीन आठवड्यांनी परतल्या, बऱ्या होऊन. अंगरखा मी एका फिरत्या कंपनीला अठरा रुपयांना विकला, बाकीचं दोन पगारांतून भरलं. सायकल परत घेऊन देण्याइतके पैसे पुढे पुष्कळदा हातात आले. दिली नाही. कोणत्या तोंडाने द्यायची, असं मी स्वतःला सांगत राहिलो, आणि तेही सोयीचंच होतं.

अंगरख्याची गोष्ट मी मैफलीत फार रंगवतो. काखेपाशी हमखास हशा येतो. नवंजुनं करण्यापाशी वकील मंडळीसुद्धा मांडीवर थाप मारतात. तिथेच मी थांबतो.

बाकी फिटल्याची पावती दाखवायला मी चित्रकलेच्या वर्गात गेलो होतो. अण्णांनी ती वाचली, घडी घालून मला परत दिली. मी माफीचं काहीतरी सुरू करणार, तर ते माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "डाव्या चपलेची टाच उसवली आहे. शिवून घे. त्या दिवशीच सांगणार होतो."