भाऊचा आकडा

तमाम जनतेस, आप्तेष्टांस आणि विशेषतः मोताळ्याच्या बसस्टँडवर बसून माझ्या वयाची चौकशी करणाऱ्या मंडळींस कळविण्यात येते की, खाली सही करणारा इसम, वय वर्षे सेहेचाळीस, डोक्यावर केस मोजके, गुडघे कुरकुरते, हा व्यायामशास्त्राच्या पदवीसाठी रीतसर दाखल झालेला असून वर्गात त्याची हजेरी सगळ्यात शेवटी घेतली जाते. सबब, यापुढे त्यास रिकामटेकडा म्हणू नये.

हे निवेदन मी घरात खुर्चीवर उभा राहून वाचलं होतं. बायको म्हणाली, "आधी खाली उतरा. पडाल."

त्याआधी वीस वर्षं मी पोलीस भरतीच्या पोरापोरींना मैदानावर पळवत होतो. शिक्षण बारावी, आणि साधनं दोन, शिट्टी आणि घसा. 'दमलो' म्हणणाऱ्याला एक फेरी जादा, हा माझा नियम. एकदा एक मुलगी धावता धावता म्हणाली, "सर, डोयासमोर अंधारी येऊन राह्यली." मी ओरडलो, "मंग डोये मिटून पय!" सगळं मैदान हसलं. माझं वाक्य जमलं म्हणून मीही हसलो. पुढच्या वळणावर ती पडली.

ती बरी झाली. पुढे भरतीही झाली आणि आजही रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करते. मी मात्र तेव्हा तिच्याऐवजी रस्त्याकडे बघतो. माणूस दमतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला माहीतच नव्हतं. ते शिकायला मी रोज सकाळी बसने राजूर घाट चढून बुलढाण्याला जाऊ लागलो. वर्गातली पोरं मला काका म्हणतात. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी त्याही काका म्हणाल्या, मग जीभ चावून माझा हजेरी क्रमांक म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आम्हाला तो तक्ता दाखवला. सहापासून वीसपर्यंत आकडे. व्यायाम करणाऱ्याला मधूनमधून विचारायचं, किती जड जातंय, आणि त्याने आकडा सांगायचा. सहा म्हणजे नुसतं बसल्यासारखं, वीस म्हणजे यापुढे एक पाऊल नाही. आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके मिळतात. तेरा म्हणणाऱ्याची नाडी एकशेतीसच्या आसपास भेटावी. मला ही गोष्ट इतकी आवडली की मी वर्गात टाळी वाजवली.

तक्ता इंग्रजीत होता. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बोलके आहात, हा आपल्या लोकांना कळेल असा करून आणा." मी रात्रभर नाही, पण दोन चहांचा विचार केला आणि लिहून आणला. सात, काहीच नाही. अकरा, चालून राह्यलं. तेरा, थोडं जड. पंधरा, जड. सतरा, लई जड. एकोणीस, जीव चाल्ला. वीस, संपलं. मॅडमनी 'जीव चाल्ला'वर पेन्सिलीने गोल केला, हसल्या आणि तसंच ठेवलं.

आता भाऊ. माझा थोरला भाऊ धान्याच्या बाजारात हमाल आहे. वय चोपन्न. पाठीवर पन्नास किलोचं पोतं, आमच्याकडे त्याला कट्टा म्हणतात, घेऊन फळीवरून ट्रकमध्ये असा चढतो की बघणाऱ्याला वाटावं कट्ट्यात कापूस असेल. मला लहानपणी त्याने त्याच पाठीवर बसवून शाळेत सोडलेलं आहे. त्याच्या तोंडून 'थकलो' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

मी पहिल्या मजल्यावर राहतो. जिन्याच्या मध्यावर विजेचं मीटर आहे. दिवाळीला भाऊ घरी आला, मीटरपाशी थांबला, कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मीटर लई पयून राह्यलं बे तुह्यं." मी म्हणालो, वायरमनला सांगतो. पुढच्या खेपेला पुन्हा थांबला, पुन्हा तेच. मी घरातले दोन दिवे बदलले. तिसऱ्या खेपेला लाइन गेलेली होती. सगळी गल्ली बंद. तरी भाऊ मीटरसमोर उभा, कपाळावर घाम, आणि म्हणतो कसा, "अजूनबी लई पयून राह्यलं."

मी वर दारात उभा होतो. त्या क्षणी माझं हसू आलं तसं गेलं.

जानेवारीत प्रात्यक्षिक होतं. प्रत्येकाने चाळिशीपुढचा एक माणूस आणायचा, त्याला लाकडी पायरीवर ठरावीक तालात चढ-उतार करायला लावायचं, यंत्रावर नाडी मोजायची, आकडा विचारायचा. मी भाऊला विचारलं. तो खूश झाला. "तुह्या कॉलेजात मले नेशीन? काऊन, पोट्टे कमी पडले का?" त्याने इस्त्रीचा सदरा घातला. घाटात बस घरघरायला लागली तेव्हा म्हणाला, "हिले इचार, किती आकडा हाये."

चाचणीआधी एक फॉर्म भरायचा असतो. पेन माझ्या हातात होतं. जिना चढताना छातीत दुखतं का? "नाई." दम लागून थांबावं लागतं का? भाऊने माझ्याकडे पाहिलं. मी भाऊकडे पाहिलं. आमच्या दोघांच्या मध्ये ते मीटर उभं होतं. "नाई," भाऊ म्हणाला. आणि मी 'नाही' लिहिलं.

का लिहिलं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. 'हो' लिहिलं असतं तर मॅडमनी त्याला पायरीवर चढूच दिलं नसतं, आणि मला वाटत होतं की एकदा यंत्रावर आकडा दिसला की भाऊची बोलती बंद होईल. इतकंच खरं असतं तर बरं झालं असतं. माझे प्रात्यक्षिकाचे मार्कही त्यात होते.

पहिल्या मिनिटाला मी विचारलं, "भाऊ, किती?"

"सात."

दुसऱ्या मिनिटाला सदरा पाठीला चिकटला. "किती?"

"सात."

तिसऱ्या मिनिटाला त्याचे ओठ मातीच्या रंगाचे दिसले. "भाऊ, खरं सांग."

"सातच हाये ना बे! लिही!"

यंत्रावर एकशे अठ्ठावन्न. मॅडम पुढे आल्या, त्याचा दंड धरला आणि चाचणी थांबवली. त्याला बसवलं, पाणी दिलं, नाडी खाली येईपर्यंत शेजारून हलल्या नाहीत. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "एकतर हे खोटं बोलतायत किंवा आजारी आहेत. मला वाटतं दोन्ही. आजच्या आज डॉक्टरकडे न्या, ईसीजी काढा. आणि फॉर्म कोणी भरला?"

मी सांगितलं. त्यांनी फॉर्मवरच्या माझ्या 'नाही'वर पेन्सिलीने गोल केला. ओरडल्या असत्या तर मला सोयीचं झालं असतं.

भाऊ दवाखान्याच्या दारापर्यंतही आला नाही. "तुरीचे दिवस हायेत. सीझन गेला की पाहू."

"भाऊ, तुले काही झालं तं?"

"आन् मी दमलो म्हन्लं तं? तुले ठाऊक हाये मंग काय होते."

मला ठाऊक होतं. हमालांच्या टोळीत जो एकदा दमलो म्हणतो त्याच्या हातात दाभण आणि सुतळी देतात. भरलेल्या कट्ट्यांची तोंडं शिवायची. काम वाईट नाही, सावलीत बसून आहे. पण त्या दिवसापासून त्याला सगळे शिंपी म्हणतात, आणि मरेपर्यंत म्हणतात. एका म्हाताऱ्या हमालाच्या मयतीला 'शिंपी गेला' हेच शब्द मी स्वतः ऐकलेत. भाऊने ते नाव दोघातिघांना हसत हसत दिलेलं होतं.

वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "भाऊजी, मी इचारलं तं मलेबी सातच सांगते. अंथरुणात पडूनबी सात. मी रात्रभर त्याहिचा श्वास ऐकतो." आमच्याकडे बाया स्वतःबद्दल असंच 'ऐकतो' म्हणतात. वर्गात हृदयाचा धडा सुरू होता. वहिनी तोच धडा पुस्तकाविना शिकत होती.

आणि भाऊने काय केलं? माझ्याकडून तक्त्याची झेरॉक्स मागून घेतली आणि हमालांच्या शेडमध्ये भिंतीला चिकटवली. टोळीला नवं खेळणं मिळालं. कोणी भेटला की विचारायचं, "काय बे, किती?" आणि त्याने ओरडायचं, "सात!" चुकून आठ म्हणणाऱ्याला भाऊने दाभण दाखवलं. दमण्याची भाषा म्हणून मी जो कागद लिहिला, तो न दमण्याच्या शपथेसारखा तिथे चिकटलेला होता. इतर वेळी असा किस्सा मी चार गावं सांगत फिरलो असतो. तेव्हा कोणालाच सांगितला नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी कॉलेज बुडवून मी बाजारात गेलो. ट्रक भरणं चालू होतं. भाऊ फळीच्या मध्यावर थांबला, पाठीवर कट्टा, आणि ट्रकच्या नंबरप्लेटकडे बघत राहिला. तिथे मीटर नव्हतं, म्हणून नंबरप्लेट.

मी काही ठरवून गेलो नव्हतो. कट्ट्यांच्या थप्पीपाशी गेलो, एका हमालाला म्हणालो, "दे पाठीवर." त्याला वाटलं मास्तर मस्करी करतोय. त्याने कट्टा ठेवला. मी चार पावलं टाकली. पाचव्या पावलाला माझे दोन्ही गुडघे एकमेकांशी भांडले, मी फळीच्या पायथ्याशी कट्ट्यासकट खाली बसलो आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडलो, "वीस! संपलं! मी शिंपी! आना बे दाभण!"

शेड हसून हसून लोळली. कोणीतरी खरंच दाभण आणून माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं, सुतळी ओवली आणि शिवायला बसलो. दोन टाके उलटे पडले. हसू हळूहळू ओसरलं. मी खरोखरच शिवतोय, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

मग ज्याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत तो हमाल तक्त्याकडे बघत म्हणाला, "मलेबी सकाळपासून चौदा हाये." या वेळी कोणी हसलं नाही.

मुकादम तंबाखू मळत होता. टोळीत सगळ्यात जुना माणूस, त्याच्याच हातून दाभणं वाटली जातात. हात न थांबवता तो म्हणाला, "माह्यं तं पंधरा. सांगू कोनाले?"

आता सगळे वर बघत होते. भाऊ अजून फळीवरच होता. मुकादमाने विचारलं, "काय बे, तुह्यं किती?"

"सा..." भाऊ म्हणाला आणि तिथेच अडकला. त्याने कट्टा ट्रकच्या कडेवर टेकवला, साखळीला धरलं आणि मुकादमाला सोडून माझ्याकडे, माझ्या हातातल्या दाभणाकडे बघत ओरडला, "सतरा! सतरा हाये बे, दिवाळीपासून सतरा!"