न वाचलेली अकरा पानं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? तेही धड कळत नाही.

टोकियोतल्या निशी-कसाईत तेव्हा दर महिन्याला आयटीवाल्यांची नवी बिऱ्हाडं येत होती. आमचं त्यातलंच एक. पुण्यात मी मुलांना फ्रेंच शिकवायचे, आणि तो तोरा तेवढा बरोबर आणला होता. समोरच्या इमारतीतले मोरिता-सान, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, हे ऐकून एक झेरॉक्स घेऊन आले. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाची रोजनिशी. हा माणूस योकोहामाला उतरला, तीन वर्षं डोंगर पालथे घालून नेचे आणि भुंगेरे गोळा केले, आणि परतीच्या बोटीवर तापाने गेला.

"माझे आजोबा त्याचं सामान वाहायचे," मोरिता-सान म्हणाले. "पुरातून त्याला पाठीवर घेऊन काढलं म्हणायचे. घरात सगळे हसतात. त्याने तसं लिहिलंय का, एवढंच बघा."

बघितलं — पण सगळं नाही. शेवटच्या अकरा पानांवर शाई फुटली होती, अक्षर किरटं. मला वाचता येत नाही, एवढंच तर म्हणायचं होतं! पण मग माझ्या फ्रेंचचं काय राहिलं असतं? मी ठामपणे सांगितलं, "आजोबांचा उल्लेख नाही."

ते हसले. "म्हणजे आजोबा थापाच मारायचे." वर माझ्या कष्टांबद्दल पर्सिमन फळांची पेटी दिली. आम्ही ती खाल्ली.

दोन महिन्यांनी, मन खात होतं म्हणून, भिंग घेऊन ती पानं काढली. चार दुपारी लागल्या — फक्त चार. सातव्या पानावर नदी होती, पूर होता, आणि स्वच्छ अक्षरांत मोरिता हे नाव. याच्या पाठीवर बसून मी जिवंत राहिलो, असं लिहिलं होतं.

मोरिता-सान दोन मिनिटांवर राहत होते. मी गेले नाही. पुढे वर्षभर ते स्टेशनवर भेटत, नमस्काराला आधी तेच वाकत. मी हवेबद्दल बोलायचे. लाज वाटत होती का? वाटत होती. तरी हवेबद्दलच बोलायचे.

ते वारल्यावर मी घरी भेटायला गेले, तेव्हा त्यांची सून म्हणाली, शेवटी नातवाने स्वतःहून ती नदीची गोष्ट मागितली, तर म्हणाले, ती खोटी आहे रे.

मी चहा प्यायले. घरी आले. दुसऱ्या दिवशी कागदाच्या कचऱ्याचा वार होता. ती सगळी झेरॉक्स सुतळीने बांधली आणि खाली ठेवून आले.